मोजूनमापून पाडलेला खड्डा

पदरचे पैसे घालून, मोजूनमापून खड्डा पाडणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. बाकीचे खड्डे आपोआप पडतात.

माझा खड्डा प्लायवूडमध्ये आहे, व्यास २४५ मिलिमीटर. एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेत खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा करायचा असतो, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर. त्या हिशेबानं हे सत्तर फुटी टर्नटेबल झालं. वाफेचं इंजिन उलटं चालतं, पण टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा, पुढे ठेवून लांबची गाडी ओढायची तर समोरचं नीट दिसत नाही. म्हणून शेडमध्ये हा गोल खड्डा असायचा. मधल्या खुंट्यावर तोललेला पूल, त्याच्या टोकांची चाकं खड्ड्यातल्या गोल रुळावर. इंजिन पुलावर घ्यायचं आणि पुलासकट त्याचं तोंड वळवायचं.

भोक जिगसॉनं दहा मिनिटांत पडलं. भिंतीनं मात्र महिना खाल्ला. नऊ इंची वीट माझ्याकडे जेमतेम अडीच मिलिमीटरची. प्लास्टिकच्या पट्टीवर सुईनं रेघा ओढून विटा पाडायच्या, एका थरात जवळजवळ तीनशे, असे वीस थर. चौथ्या थरानंतर मी जाहीर केलं की वरच्या भिंतीला रेल्वेनं गिलावा केलेला आहे.

पुलाचा रूळ आणि बाहेरचा रूळ एका पातळीत यायला हवेत. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या इंजिनासमोर साडेतीन इंचांची पायरी. खुंट्याखाली कागदाच्या चकत्या घालून-काढून ते जमवलं. मिनिटाला एक फेरा घेणारी गिअरची मोटर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाली. पूल अर्धा फिरला की रुळांतल्या विजेचं अधिक-उणं उलटतं आणि शॉर्ट होतो, त्यात एक रविवार गेला. जाऊ दे.

मग अण्णा बघायला आले. अण्णा मिरजेच्या लोको शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते, मीटरगेजवर. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज, तिन्ही रूळ मिरजेला येत, त्यामुळे अण्णांची नजर आधी रुळांच्या मधल्या अंतरावर जाते.

"हे कुठलं गेज?"

साडेसोळा मिलिमीटर, युरोपचं स्टँडर्ड. आपलं ब्रॉडगेज या मापात एकोणीसच्या वर जातं आणि मीटरगेज साडेअकरावर येतं. म्हणजे हे आपलं कुठलंच नाही. मी हे सांगितल्यावर त्यांनी "हं" केलं आणि चष्मा पुसून खड्ड्यात डोकावले.

"पाणी कुठं जाणार रे ह्यातलं?"

मी स्पिरिट लेव्हल लावून प्लॅस्टरचा तळ आरशासारखा सपाट केला होता. त्याचा मला अभिमानही होता.

"पावसाळ्यात ह्यात तळं होईल. आमच्याकडं मोरी तुंबली की गुडघाभर साचायचं. बेडूक व्हायचे."

दुसऱ्या दिवशी तळ खरवडून एका बाजूला उतार दिला, कडेला चौकोनी भोक पाडून त्यावर चहाच्या जुन्या गाळणीची जाळी बसवली. जाळीभोवती उदबत्तीची राख आणि वाळवलेली चहापूड, म्हणजे गाळ साचलेला दिसतो. तेलाच्या डागांना काळा रंग आणि वर व्हार्निशचा थेंब. गोल रुळाच्या कडा गंजक्या रंगवल्या, माथा पॉलिश पेपरनं चकचकीत ठेवला. चाकं तिथूनच फिरतात ना. सगळं मिळून तळहाताएवढी घाण, पण ती करताना जेवणाची वेळ टळली होती.

अण्णा परत आले. जाळी बघितली, बोलले काही नाहीत. मी बटण दाबलं, पूल घुर्रर करत फिरला.

"मोटर कशाला? चार खलाशी ढकलत होतो आम्ही. तोल साधला पाहिजे फक्त. ड्रायव्हर बोटभर चुकला तर पूल जागचा हलायचा नाही." मग पुलावरच्या इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "टेंडर भरलाय का रिकामा?"

टेंडर प्लास्टिकचा, वर कोळसा चिकटवलेला.

"भरलेला," मी म्हणालो.

"मग मागं जड झालंय." त्यांनी दोन बोटांनी इंजिन जरासं पुढे सरकवलं, वाकून खुंट्याशी नजर लावली, आणखी केसभर सरकवलं.

"हां. आता फिरव."