नंबर सोडून बाकी सगळं

धडक देऊन गाडी पळाली की ठाण्यात पहिला प्रश्न एकच: नंबर काय? त्या संध्याकाळी पुणे-सातारा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एका सायकलस्वार कामगाराला गाडीने उडवलं. पाय मोडला, जीव वाचला. समोरच्या रसवंतीवरच्या मावशींनी पाहिलं होतं. आमच्या हवालदारांनी जागेवरच विचारलं, "पांढरी पिकअप होती ना?" मावशी म्हणाल्या, "आसंल."

या 'आसंल'ची मला धास्ती वाटते. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. प्रश्नातलं क्रियापद जरा जोरकस केलं, तर लोकांनी वेग वाढवून सांगितला. आठवड्याने काहींना नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या.

महिला साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. मावशींचं घर रसवंतीच्या मागेच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी गेलो. मध्येमध्ये बोलणाऱ्या पंक्चरवाल्या पोराला लांब पाठवलं. त्याचा जबाब वेगळा घेणार होतो.

"गाडीचं राहू द्या मावशी. डोळे मिटा. तेव्हा तुम्ही काय करत होता?"

आणि गप्प बसलो. आमच्या खात्यात हे सगळ्यात अवघड.

"ऊस घालत हुते चरकात. घुंगरं वाजत हुती. त्यात खडाखडा आवाज आला... रिकामी कॅरेटं, सायेब. टमाट्याची."

"रंग?"

"पिवळट."

डोक्यावर सोडियमचा दिवा. त्याच्याखाली पांढरंही पिवळंच दिसतं. लिहून घेतलं, पुढे गेलो. गाडी दिसेनाशी झाली तिथून उलटं सांगायला लावलं, तेव्हा मागचा डावा दिवा बंद असल्याचं निघालं. नंबर? नाहीच. "एखादा आकडा दोनदा होता का?" यावर त्या बराच वेळ थांबल्या. "शेवटचे दोन सारखेच हुते. कुठले, ते न्हाय सांगता यायचं."

रिकामे कॅरेट म्हणजे माल उतरवून परतणारी गाडी. टोलनाक्याच्या फुटेजमध्ये त्या तासाभरात पांढऱ्या पिकअप रग्गड होत्या. कॅरेट, एकच दिवा आणि शेवटी ४४ असलेली एकच. पुढचा बंपर चेपलेला, त्यावर सायकलचा हिरवा रंग.

"पांढरीच निघाली ना, साहेब?" हवालदार म्हणाले.

जबाबात मी 'पिवळट'च ठेवलं. सोडियमच्या दिव्याची नोंद मात्र घटनास्थळाच्या पंचनाम्यात घेतली. कोर्टात बचावाचे वकील आधी रंगालाच धरणार.