आमची वाटचाल : नळजोडणीपासून अख्ख्या बाथरूमपर्यंत

आमची सुरुवात निव्वळ प्लंबिंगपासून झाली. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत तेव्हा भिंतीत जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असायचे. आतून गंज धरायचा, त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार, त्यामुळे नळाची धार बारीक आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस. खाच मारून जीआय काढायचा आणि सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप) टाकायचा, एवढंच आमचं काम. भिंत बुजवणारा गवंडी दुसरा, वॉटरप्रूफिंगवाला तिसरा, टाइल्सवाला चौथा, वायरमन पाचवा. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवणार. हळूहळू ही सगळी कामं आम्ही एका करारात घेतली ती यामुळेच.

तुम्हीही माणूस निवडताना आधी हेच विचारा : टाइल्सखालच्या पाण्याची जबाबदारी लेखी कोण घेणार? सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या शौचालयातून किंवा सिंकमधून होणारी गळती सभासदानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, त्यामुळे भुर्दंड शेवटी तुमच्याच माथी येतो.

दुसरा प्रश्न निदानाचा. नळ बंद असतानाही खाली रात्रंदिवस ठिबकत असेल, तर संशय प्रेशरच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपवर. आंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा) सांधा, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी. हे न तपासता ‘सांध्यांत केमिकल भरून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पाणी फरशीच्या सांध्यांतूनच उतरत असेल तर त्या केमिकलचा उपयोग होतो. ट्रॅप निखळला असेल तर पैसे वाया. जुन्या टाइल्सवर नव्या बसवणंही सरसकट वाईट नाही. गळती नसेल, पाइप धड असतील, तर चालतं. मात्र जमीन अर्धा-पाऊण इंच उचलली जाते, दार घासतं आणि उंबऱ्याशी पाणी अडवायला जागा उरत नाही.

गळती असेल तर संक, म्हणजे फरशीखालचा खोलगट भाग, उघडायलाच हवा. बाथरूमचा स्लॅब बहुधा 9 ते 12 इंच खाली ओतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. पाणी त्या भरावात साचून राहतं. तोडताना घण चालवणारा माणूस नको. छोटं चिपिंग मशीन हवं, नाहीतर स्लॅबलाच तडे जातात. राडारोडा हलवल्यावर स्लॅब घासून धुवायचा, पाइपांभोवतीची भोकं आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने बुजवायची, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारायचा. मग पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर हा लेप तयार जमिनीच्या वर किमान 1 फूट, शॉवरपाशी 6 फूट. त्यावर संरक्षक प्लास्टर हवंच, कारण भराव टाकताना विटांच्या टोकांनी लेप फाटतो. घाईत हमखास गाळली जाणारी पायरी ती हीच.

पाणी भरून तपासणी दोनदा : संकचा लेप वाळल्यावर एकदा, आणि सांडपाण्याचे पाइप टाकून, भराव करून, वरचा थर लेपल्यावर पुन्हा. ट्रॅपला बूच, भिंतीवर पातळीची खूण, 48 तास थांबायचं. थोडी पातळी बाष्पीभवनाने उतरतेच. खालच्यांच्या घरी जाऊन छत पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ‘एका रात्रीत टाइल्स लावून देतो’ म्हणणारा ही तपासणी करणार नाही, हे उघड आहे.

डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला कॉक) किती खोल बसवणार, ते प्लंबरला विचारा. प्लास्टर, चिकटद्रव्य आणि टाइल अशी जाडी धरून बॉडी भिंतीत बसवावी लागते. जास्त आत गेली तर प्लेट बसत नाही, बाहेर राहिली तर ती भिंतीपासून सुटते. सीपीव्हीसीचे सांधे वाळल्यावर, खाच बुजवण्याआधी, हातपंपाने दाब देऊन गेजचा काटा उतरतो का ते पाहायचं. कमोड विकत घेण्याआधी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा; एस ट्रॅपमध्ये (आउटलेट जमिनीत जाणाऱ्या कमोडमध्ये) 4, 9 आणि 12 इंचांचे प्रकार येतात. गिझरसाठी वेगळं सर्किट, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि वायरमन परवानाधारकच.

अंदाजपत्रक खरं आहे का, हे टाइल्सच्या हिशेबावरून कळतं. 5 बाय 8 फुटांच्या बाथरूमचा घेर 26 फूट. 7 फूट उंचीपर्यंत 182 चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण 20 वजा, जमिनीचे 40 जमा, म्हणजे 202. दहा टक्के तूट धरून 222 होतात. कोणी 300 लिहिले तर कारण विचारा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट पकडत नाही; अंदाजात टाइल अ‍ॅडेसिव्ह आहे का पाहा. जमिनीचा उतार ट्रॅपकडे दर फुटाला 3 मिलिमीटरच्या आसपास हवा.

‘बाथरूम संपूर्ण, इतके रुपये’ अशा एका ओळीच्या दरावर सही करू नका. तोडफोड, वॉटरप्रूफिंग, पाइप, टाइल्सची मजुरी, राडारोडा, जीएसटी, सगळं वेगळं मांडून घ्या. पैसे टप्प्याने द्या, शेवटचे दहा टक्के बाथरूम वापरून खालचं छत कोरडं राहिल्यावर. आणि प्लास्टरआधी भिंतीवर टेप धरून काढलेले पाइपांचे फोटो बिलासोबत मागा. पुढे आजी-आजोबांसाठी आधाराची दांडी बसवायची वेळ आली, की ड्रिल कुठे चालवायचं नाही ते त्यावरूनच कळतं.