मुलांना साप-बेडूक दाखवायचे तर सुरुवात पालीपासून

पहिली-दुसरीच्या वर्गात हा विषय निघाला की आधी नागाचा तक्ता लागतो. तो काही आठवडे कपाटातच राहू द्या. मुलांना जे रोज, घरबसल्या पाहता येईल तिथून सुरुवात करावी, आणि बडोद्यात त्यासाठी पालीसारखा प्राणी नाही.

रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली की खोलीतला दिवा चालू ठेवून मुलांना आतून काचेजवळ उभं करा. पालीचं पोट समोर येतं. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात. त्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांच्या जोरावर ती चिकटते. तिथे डिंकासारखं काहीच नसतं. पोटात अंडी असली तर पातळ कातडीतून दोन पांढरे गोळे स्पष्ट दिसतात. पापण्या नसल्यामुळे ती जिभेने डोळा पुसते, त्यासाठी मात्र थोडं थांबावं लागतं. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची कांडी असते, शिवाय तिचा रंग आणि पोतही वेगळा असतो. अशी शेपूट शोधायला सांगितलं की मुलं भिंतीवरून नजर काढत नाहीत.

पावसाळ्यात सोसायटीच्या दिव्याखाली किडे टिपायला भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, येतात. दोन हात लांबून पाहायचं. गिळताना त्याचे डोळे आत दबतात आणि घास ढकलायला मदत करतात. हात मात्र लावू देऊ नका. बेडकांची त्वचा पाणी शोषते, त्यामुळे हातावरचं मीठ, साबण, डासांचं मलम तिच्यातून आत जातं. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींचा स्राव मुलाच्या डोळ्यात गेला तर आगही होते.

बेडकांची पिल्लं बरणीत घालून घरी आणणं आम्हाला मुळीच पटत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. घातलेला भात कुजून पाणी नासतं. त्यातून जगलीच, तर आधी मागचे पाय, मग पुढचे येतात आणि शेपूट आक्रसू लागते. तेव्हा चढायला कोरडी जागा नसेल तर ती बुडतात. त्यापेक्षा त्याच डबक्यावर दर चार दिवसांनी जा आणि वहीत चित्रं काढून घ्या. भेकाची अंडी लांब माळेत असतात, तेही तिथेच दिसेल.

साप शेवटी. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हे शिकवू नका. मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं आणि बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो. मुलांना एवढंच यावं: साप दिसला की थांबायचं, मागे सरायचं, मोठ्यांना हाक मारायची. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हालचाल न करता 108 ला फोन.

मगर हिवाळ्यात विश्वामित्री नदीच्या पुलावरून दाखवा, सकाळी ऊन चढल्यावर, दुर्बिणीने. काठावर उतरू नका. पावसाळ्यात तर पुलाचाही बेत नको: 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या.