तुम्ही विचारलंत म्हणून: बोअरच्या गाडीवर पगार किती मिळतो?

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं केसिंग पाईप आणि सबमर्सिबल मोटारींचं दुकान आहे. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत बोअरच्या गाड्या लागतात, त्यामुळे वर्षभर मला हाच प्रश्न येतो. बारावी झालेली पोरं विचारतात, आयटीआयवाले विचारतात, कधी त्यांचे वडील येऊन विचारतात, हल्ली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, "काका, ड्रिलिंगच्या लाईनीत पगार किती मिळतो हो?" दरवेळी तुकड्या-तुकड्यांत सांगतो, आज बसून एकदाच टाईप करतोय.

एक आकडा सांगता येत नाही, कारण तसा आकडाच नाही. जमिनीला भोक पाडायचं काम शेतात आहे, मेट्रोखाली आहे, कोळशाच्या खाणीत आहे, समुद्रातही आहे, आणि त्यात कुणाला महिन्याला १५ हजार मिळतात तर कुणी तेवढे आठवड्यात कमावतो. अंगमेहनत मोजली तर १५ हजारवाल्याचीच जास्त निघेल. माझं म्हणणं एवढंच की पगार विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा, भोक कुणासाठी पाडायचंय आणि मशीन ज्या दिवशी बंद राहील त्या दिवसाचे पैसे कोण सोसणार. पहिली गोष्ट पोरांना कळते. दुसरी कुणीच विचारत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

आता बोअरची गाडी. म्हणजे खरं तर दोन गाड्या असतात, एकीवर मशीन आणि दुसरीवर रॉड, डिझेल, केसिंग, पोरांची अंथरुणं नि गॅसची शेगडी. आमच्याकडं फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या तमिळनाडू पासिंगच्या, नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या, त्या गावाची ओळखच रिगच्या, म्हणजे भोक पाडायच्या मशीनच्या, धंद्यामुळे झालीय. मॅनेजर आणि ड्रिलर बहुतेक तिकडचेच, कधी मालकाचा भाऊ किंवा पार्टनर स्वतः गाडीवर असतो. हेल्पर पोरं छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडची. मराठी पोरगा गाडीवर क्वचित दिसतो, आपली माणसं एजंट म्हणून जास्त, गाडी कुणाच्या शेतात न्यायची ते ठरवणार आणि फुटामागं आपलं कमिशन काढून घेणार.

शेतकरी पैसे देतो फुटावर. डिझेल आणि सीझन बघून फुटाला १०० रुपयांच्या आसपास धरा, कधी कमी कधी जास्त, केसिंग वेगळं, आणि ३०० फुटांच्या खाली गेलं की पुढच्या प्रत्येक शंभराला रेट चढत जातो. म्हणजे ३०० फुटांच्या एका भोकाचं बिल ३० हजार. हेल्परचा महिना मात्र माझ्यासमोर पोरांनी जे सांगितलंय ते १५ ते १८ हजार, जेवण मालकाचं. सीझनला गाडी दिवसाला दोन-दोन तीन-तीन भोकं पाडते, रात्री दोनला शेतात हॅलोजन लावून काम चालू असतं. हे सगळे पैसे मालकाच्या खिशात जातात असंही समजू नका हां, डिझेलच भयानक खातं, त्यात खडक फोडणारे हॅमर नि बिट, बँकेचे हप्ते, एजंट. काळा पाषाण लागला की बिट घासून जातं, मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, लागला की पोरं जरा सुखावतात. पण पाषाण लागो की मांजऱ्या, हेल्परचे पैसे तेवढेच.

ड्रिलरचं जरा बरं असतं, २५-३० हजार किंवा त्याच्या वर, कारण लिव्हर त्याच्या हातात असतो. हॅमरच्या आवाजावरून आणि वर येणाऱ्या भुकटीवरून त्याला कळतं खाली काय चाललंय, आणि रॉड आत अडकला तर हॅमरसकट लाखाच्या घरातला माल जमिनीत राहतो, म्हणून चांगल्या ड्रिलरला मालक सोडत नाही. काही गाड्यांवर पगाराशिवाय फुटावर भत्ता असतो, ड्रिलरला जास्त, हेल्परला थोडा. ऐकायला छान वाटतं. पण भत्त्याच्या गाडीवर झोप कुणी घेत नाही, आणि झोपेत रॉड बदलताना बोटं जातात. शिवाय फुटावर पोट असलं की खोल जाण्यातच सगळ्यांचा फायदा, "अजून पन्नास फूट घेऊ, लागेल" असं शेतकऱ्याला सांगणारे एजंट मी रोज बघतो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे जवळपास २०० फुटांच्या खालची विहीर ही खोल विहीर धरलीय आणि अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या, भागात तिला मनाई आहे, रिगची नोंदणीही लागते. शेतात गाडी उभी राहिल्यावर त्याची आठवण कुणी काढत नाही.

आता बंद दिवसांचं. मृग बरसला की आमच्या काळ्या रानात एवढी जड गाडी रुतते, मग गाड्या गावाकडं नाहीतर वर्कशॉपला. पोरंही घरी भातलावणीला जातात. त्या महिन्यांचा पगार? बहुतेक गाड्यांवर शून्य, चांगला मालक असला तर थोडंफार. म्हणजे १६ हजारांचा हिशोब आठ महिन्यांचा झाला, १ लाख २८ हजार, तो बारा महिन्यांवर टाकला की साडेदहा हजारांच्या आसपास येतो. वर अनेकांनी घरून निघतानाच उचल घेतलेली असते, ऊसतोडीसारखीच, ती फिटेस्तोवर हातात येतं ते खर्चापुरतं. पीएफ, ईएसआय असलं काही मी तरी या गाड्यांवर पाहिलेलं नाही. कोरडी भुकटी नाकातोंडात जाते आणि कॉम्प्रेसरशेजारी वर्षं काढलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तो खर्चही ज्याचा त्यानंच करायचा.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षी आमच्याकडं गाडी मिळायला वाट बघावी लागायची, फुटाचा भाव वर गेला, एजंटांनी नव्या मोटरसायकली घेतल्या. गाडीवरच्या पोरांना मी विचारलं होतं, पगार वाढला का, तर ती हसली.

एक वरकमाई सांगायची राहिली, ती म्हणजे खुशी. पाणी लागलं, फवारा वर आला की शेतकरी नारळ फोडतो, गुलाल लावतो, पोरांच्या हातावर पाचशे-हजार ठेवतो. कोरडं गेलं तर तेच शेतकरी बिलावरून भांडतात, त्यांचंही चूक म्हणवत नाही, कर्ज काढून घेतलेलं असतं. या सगळ्यात सगळ्यात सुरक्षित धंदा पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याचा, नारळ हातावर उभा राहिला की फी खिशात, पाणी लागो न लागो. (आमच्या मंडळींपैकी कुणी पाणाड्या असेल तर राग मानू नका.)

हातानं विहीर खोदणाऱ्यांचा हिशोब अजून वेगळा, परसावर, म्हणजे खोलीच्या मापावर ठेका, माल वर ओढायचं यारी मशीन ठेकेदाराचं, आणि आलेल्या पैशांची वाटणी आपसात. तिथं निदान खडक कडक लागला तर भाव वाढवून मागता येतो.

आता शिकलेल्या पोरांनी जरा लक्ष द्या, कारण कोअर ड्रिलिंग नावाचं काम आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. बोअरच्या गाडीवर दगडाची भुकटी करून उडवून द्यायची असते, इथं दगड अख्खा नळकांड्यासारखा वर काढून पेटीत क्रमानं मांडायचा. पुलाच्या, धरणाच्या, मेट्रोच्या आधी माती तपासतात ते हेच, आणि कोळसा, मँगनीज कुठं आहे ते शोधतात तेही हेच. पैसे मीटरवर असतात, पण कोअर, म्हणजे तो अख्खा दगड, किती टक्के हाती आला त्यावर पुढचं बिल अडतं, त्यामुळे घाई करणाऱ्यापेक्षा सावकाश, कान लावून चालवणारा ड्रिलर इथं महाग. खाजगी ठेकेदाराकडं हेल्परला रोजंदारीच मिळते, फार हुरळून जाऊ नका. पण हेच काम करणारी एमईसीएल ही सरकारी कंपनी १९७२ पासून आहे, हेड ऑफिस आपल्या नागपुरातच, तिथं कायम नोकरीत असलेल्याला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, पीएफ, सुट्ट्या. मशीन बिघडलं म्हणून त्याचा पगार थांबत नाही. त्याच साइटवर त्याच्या शेजारी ठेकेदाराचा माणूस तेच रॉड उचलतो आणि मशीन बंद पडलं की बिनपगारी बसतो.

मुंबईत पायलिंगची, म्हणजे बांधकामाच्या पायासाठी खोल भोकं पाडायची, मोठी रोटरी मशीनं आहेत, त्यांच्या ऑपरेटरला ओव्हरटाईम धरून बरे पैसे पडतात, बोअरच्या ड्रिलरपेक्षा जास्त. आयटीआय डिझेल मेकॅनिक किंवा फिटर असेल आणि हायड्रॉलिकचं डोकं असेल तर मी तरी पोरांना हाच रस्ता सांगतो.

आणि शेवटी ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो ते समुद्रातलं. मुंबई हाय, म्हणजे मुंबईजवळचं समुद्रातलं तेलक्षेत्र, १९७४ ला सागर सम्राट या रिगला तिथं तेल लागलं तेव्हापासूनचं. १२ तासांची शिफ्ट, साधारण १४ दिवस रिगवर आणि १४ दिवस घरी. राउस्टअबाउट म्हणजे डेकवरचा हमाल, मग फ्लोअरमन, डेरिकमन, ड्रिलर, टूलपुशर, एकेक पायरी चढली की पगारात मोठी उडी, आणि ड्रिलरला वेल कंट्रोलचं, म्हणजे भोकातला तेल-गॅसचा दाब सांभाळायचं, सर्टिफिकेट लागतंच. पण इथंही कंपनीचा आणि ठेकेदाराचा अशी दोन माणसं एकाच डेकवर, एकाच जेवणाच्या टेबलावर, पगार मात्र कितीतरी वेगळे. परदेशी रिगवर अनेकांना दिवसाच्या रेटनं डॉलरमध्ये मिळतात, आकडा ऐकून पोरांचे डोळे फिरतात, मी त्यांना २०२० सांगतो. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला, जगभर रिग उभ्या राहिल्या, आणि दिवसाच्या रेटवाला घरी बसला तेव्हा त्याचा रेट कितीही असो, गुणिले शून्य.

गल्फच्या रिगवर लावतो म्हणून दोन-तीन लाख मागणारे एजंट आमच्या तालुक्यापर्यंत पोचलेत, म्हणून हेही लिहितो. परदेशी पाठवणाऱ्या एजंटकडं केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नाव टाकून बघता येतं, आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घ्यायची परवानगी आहे. जास्त मागत असेल तर पावती मागा, देत नाही असं म्हणाला की उठून या, आणि दुकानावरून जाताना मला त्याचं नाव सांगा, पुढच्या पोराला सांगायला बरं पडतं.