वापरून सुधारणारा कॅटलिस्ट

लोह-नायट्रोजन-कार्बनचा कॅटलिस्ट, म्हणजे हायड्रोजनच्या फ्युएल सेलमध्ये ऑक्सिजनची क्रिया वेगाने घडवणारी पावडर. तो अ‍ॅसिडमध्ये वापरला, व्होल्टेज पुन्हापुन्हा वर-खाली करून त्याचं सायकलिंग केलं, की मंदावतो, ही आमच्या कामातली नेहमीची रड. त्यामुळे आमच्या पुण्याच्या लॅबमधली पीएचडीची मुलगी लॅपटॉप उघडाच घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, सायकलिंगनंतर माझा सुधारलाय!" तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी शंका आली.

पावडर तिने मन लावून केली होती. झेडआयएफ-8 हा जस्त आणि मिथाइल इमिडाझोलचा जाळीदार स्फटिक. त्यात चिमूटभर लोह घालून आर्गॉनमध्ये हजारेक अंश सेल्सिअसला भाजायचा. जस्त 907 अंशांना उकळतं, वाफ होऊन निघून जातं आणि कार्बनमध्ये 2 नॅनोमीटरहून लहान छिद्रं सोडतं. चार नायट्रोजनच्या मधोमध एक लोहाचा अणू बसला, की तिथे ऑक्सिजन अडकतो आणि त्याचं पाणी होतं. मुळात ही कल्पना जुनी. 1964 साली जासिन्स्की या संशोधकांनी कोबाल्ट थॅलोसायनिन या संयुगावर ऑक्सिजनचं क्षपण होतं, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो, हे दाखवलं, आणि तेव्हापासून खटाटोप एकच: कॅथोडवरचं, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचं प्लॅटिनम घालवायचं. हायड्रोजनच्या बाजूला अगदी थोडं प्लॅटिनम पुरतं. ऑक्सिजनची बाजू इतकी संथ, की महाग धातू बहुतेक तिथेच लागतो.

आलेखावर हाफ-वेव्ह पोटेन्शियल, म्हणजे करंट कमाल मर्यादेच्या निम्म्यावर येतो ते व्होल्टेज (जितकं जास्त तितकं चांगलं), सुरुवातीला 0.79 व्होल्ट होतं. 0.1 मोलर परक्लोरिक अ‍ॅसिड, पावडर लावलेल्या डिस्कचे मिनिटाला 1600 फेरे. या वर्गाच्या कॅटलिस्टला 0.8च्या आसपास म्हणजे चांगलंच. सायकलिंगनंतर तोच आकडा 0.87. कार्बनवरचं चांगलं प्लॅटिनम 0.9च्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ बरोबरी. सरांनी परिषदेच्या सारांशात आकडा टाकायलाही सांगितलं होतं.

मी म्हटलं, "आलेख राहू दे. सेल दाखव."

करंटची वाट पुरी करणारा काउंटर इलेक्ट्रोड म्हणून चकचकीत प्लॅटिनमची तार, व्होल्टेज ज्याच्या आधाराने मोजायचं तो रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा. हा संच आमच्याकडे प्लॅटिनमच्याच कामासाठी जमवलेला, आणि त्या कामाला त्यात काही वावगं नाही. पण इथे डिस्कवर ऑक्सिजनचं क्षपण चालू असताना समोरची तार अ‍ॅनोड होते. उच्च पोटेन्शियलला तिचं प्लॅटिनम कणाकणाने विरघळतं, रेफरन्समधून झिरपणारं क्लोराइड त्याला हातभार लावतं, आणि ते आयन डिस्कवर येऊन धातू होऊन बसतात. किती लागतं? आमच्या 5 मिलिमीटरच्या डिस्कवर प्लॅटिनमचा पूर्ण नमुनेदार आलेख मिळायला चारेक मायक्रोग्रॅम पुरतं. तारेतून एवढं कमी झालं तर आमच्या साध्या तराजूला पत्ताही लागणार नाही. ज्याला घालवायला वर्षानुवर्षं भट्ट्या पेटवल्या, तोच पाहुणा मागच्या दाराने येऊन पाटावर बसला होता.

हे सगळं माझं म्हणणं. पुरावा हवा होता. रेफरन्स कॅलिब्रेट करायला हायड्रोजनचा सिलिंडर होताच. आर्गॉनने ऑक्सिजन हाकलला, मग तीच डिस्क ठेवून हायड्रोजन सोडला. लोह-नायट्रोजन-कार्बनला हायड्रोजनशी देणंघेणं नसतं. अ‍ॅसिडमध्ये रेषा सपाटच राहायला हवी. प्लॅटिनम मात्र हायड्रोजन दिसला की गप्प बसत नाही. शून्य व्होल्ट ओलांडताच करंट उभा चढला. ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "आधीच्या पावडरींचं पण असंच असेल का हो ताई?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. गेल्या वर्षीच्या दोन फाइली त्याच संध्याकाळी बाजूला काढून ठेवल्या.

काचेचा सेल पुन्हा अ‍ॅसिडने धुऊन काढला, ग्लासी कार्बनची डिस्क पॉलिश करून पावडरीची नवी इंक टाकली. काउंटरला ग्राफाइटचा दांडा, तोही फ्रिटच्या, म्हणजे सच्छिद्र काचेच्या पडद्याच्या पलीकडे, कारण ग्राफाइटही थोडा झिजतोच. रेफरन्स मर्क्युरस सल्फेटचा, म्हणजे क्लोराइडची भानगड नको. आता सुरुवातीला 0.79 आणि सायकलिंगनंतर 0.76. हायड्रोजनमध्ये रेषा सपाट.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले आणि सारांशातून 0.87 खोडला. चिडले नाहीत, फक्त या कामातल्या सगळ्या प्लॅटिनमच्या तारा गोळा करून कपाटात ठेवायला लावल्या. माझ्या मते हा नियम प्रत्येक लॅबच्या दारावर लावायला हवा. आमच्या दारावर अजून "चपला बाहेर काढा" एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी बोलणं छिद्रांवर आलं, आणि मला वाटतं खरं काम तिथेच होतं. लोहाच्या जागा बारीक छिद्रांत असतात, हे ठीक. पण प्लॅटिनमच्या तुलनेत दर जागेचं काम कमी, म्हणून पावडर जास्त टाकावी लागते. प्लॅटिनमचा थर दहाएक मायक्रोमीटरचा, तर आपला शंभरच्या घरात. एवढ्या जाड थरात ऑक्सिजन आत जाणार कसा आणि तयार झालेलं पाणी बाहेर येणार कसं? फिरत्या डिस्कवर थर पातळ असतो, म्हणून ही अडचण तिथे दिसतच नाही. पडद्याच्या खऱ्या फ्युएल सेलमध्ये लावल्यावर ती लगेच उघडी पडते. तिच्या पावडरीत बारीक छिद्रं भरपूर, पण 2 ते 50 नॅनोमीटरची वाट फारशी नाही, हे छिद्रं मोजणाऱ्या नायट्रोजन शोषणाच्या आलेखात आधीपासूनच होतं. 0.87च्या नादात तो आलेख कुणी नीट पाहिलाच नव्हता.

पुढच्या बॅचमध्ये सिलिकाचे बारीक गोळे मिसळून भाजायचं आणि नंतर ते विरघळवून काढायचे, असं ठरलं. त्याला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं आणि आमच्या सुरक्षा समितीची परवानगी. अर्ज तिने त्याच दुपारी टाकला.