आधी रेघ, शेवटी फोटो

स्केचिंग आणि फोटोग्राफी या दोन्हींचा रोज सराव करायचा असेल तर त्यांना वेगवेगळा वेळ काढू नका. एकच वस्तू, एकच बैठक, अर्धा तास. क्रम मात्र पाळायचा: आधी चित्र, शेवटी फोटो. फोटो आधी काढला की चौकट ठरून जाते आणि हात मोबाइलच्या पडद्याची नक्कल करू लागतो. तोच शेवटी काढला तर गणितातल्या ताळ्यासारखा कामाला येतो.

सामान थोडकंच. ए-५ वही, कागद १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास. त्याहून पातळ कागद ओल्या ब्रशचा एक हात फिरवला की वळतो. एचबी (मध्यम) आणि ४बी (मऊ, गडद) अशा दोन पेन्सिली. पेनवर जलरंग लावायचा असेल तर वॉटरप्रूफ पिगमेंट शाईच हवी, साध्या फाउंटन पेनची शाई पाणी लागताच पसरते. खोडरबर कपाटात ठेवा.

सुरुवातीला पितळी तांब्यासारखा मास्तर नाही. उजव्या हाताने काढत असाल तर खिडकी डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. ट्यूबलाइट बंद, नाहीतर दोन सावल्या पडतात आणि आकार कळेनासा होतो. तांब्यापासून पाचेक फुटांवर बसा, नजर त्याच्या तोंडापेक्षा वर असू द्या. हात पूर्ण लांब करून, कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर पोटाची रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर जरासं वाकलं की माप बदलतं. प्रमाण चुकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

मग मधोमध उभी अक्षरेषा आणि तिच्यावर लंबवर्तुळं. इथे बहुतेकांचं दोन ठिकाणी अडतं. एक, लंबवर्तुळाची टोकं बदामासारखी अणकुचीदार होतात. ती गोलच वळली पाहिजेत. दुसरं, तांब्या टेबलावर सपाट बसलेला आहे हे माहीत असल्यामुळे बूड सरळ रेघेने काढलं जातं. खरं तर बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून तिथलं लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त उघडं दिसतं. पुढची अर्धी कड तेवढी आपल्याला दिसते, पण हलक्या हाताने पूर्ण लंबवर्तुळ काढून घ्या.

छटांसाठी डोळे बारीक करा आणि तीनच पायऱ्या ठेवा: कागदाचा पांढरा, मधला, सगळ्यात गडद. पितळेवर लख्ख आणि काळं अगदी शेजारी शेजारी असतं, मधे संक्रमण जवळजवळ नसतंच. बोटाने घासून मऊ केलंत की तांब्या मातीचा दिसू लागतो. बूड टेबलाला टेकतं तिथली बारीक काळी रेघ विसरू नका. ती नसली की तांब्या तरंगतो.

आता फोटो, त्याच जागेवरून आणि डोळ्याच्याच उंचीवरून. मोबाइलची नेहमीची लेन्स फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीची, म्हणजे वाइड, रुंद दृश्य घेणारी. चौकट भरायला तिच्यासकट जवळ गेलात की तांब्याचं तोंड फुगतं आणि बूड बारीक होतं. त्यापेक्षा जागा न सोडता २एक्स झूम वापरा. पितळेवरच्या चकाकत्या ठिपक्यावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढा, नाहीतर तिथे नुसता पांढरा डाग उरतो. मोबाइल आपणहून सावल्या उजळवतो, त्यामुळे प्रमाण आणि लंबवर्तुळ फोटोशी ताडून बघायला हरकत नाही, पण सावलीचा गडदपणा डोळ्यालाच विचारा. चुकलेलं चित्र सुधारत बसू नका. समासात चूक लिहा आणि उद्या पुन्हा तोच तांब्या.

एलिमेंटरीच्या परीक्षेतलं स्मरणचित्र अनेकांनी पाठ करूनच काढलं: तेच झाड, तीच छत्री, तीच फुगेवाल्याची पाठ. खरं स्मरणचित्र फार उपयोगी आहे. नाक्यावरची हातगाडी दोन मिनिटं बघा, तिच्याकडे पाठ फिरवून उभे राहा, पाच मिनिटांत काढा, मग वळून फोटो घ्या. चाकाचा आकार आणि गाडीच्या पाट्याची उंची हमखास चुकलेली सापडते.

बाहेर बसायला पुण्यात महात्मा फुले मंडई उत्तम. १८८६ मधली ही इमारत मधल्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती उभी आहे. मनोरा आधी रंगवून काढला की बाजूच्या छपरांना कागद पुरत नाही, म्हणून कळस आणि जमीन यांच्या खुणा आधी करा. कॅमेऱ्याची अडचण वेगळी: जवळून मोबाइल वर कलवला की मनोरा मागे झुकतो. मोबाइल उभा सरळ धरा, मागे सरका आणि खालचा नको असलेला रस्ता नंतर कापा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावलीच्या कडा पहिल्या पाच मिनिटांत आखून घ्या आणि नंतर ऊन कुठेही जावो, त्या बदलू नका. मध्येच सावलीच्या कडा बदलल्या तर चित्रात दोन सूर्य उगवतात. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, भिंतींवर वाचण्याजोगी सावलीच नसते. सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी.

भाजीवाले एका जागी ठरत नाहीत, पण त्याच हालचाली पुन्हा पुन्हा करतात: तोलणं, पाणी शिंपडणं, जुडी बांधणं. एका पानावर तीन-चार पवित्रे अर्धवट सुरू ठेवा. जो परत येईल त्यात दोन रेघा घाला. डोकं, खांद्यांचा कल आणि भार कोणत्या पायावर, एवढं आधी. फोटोत चालता माणूस थोपवायला १/१२५ सेकंदाचा शटर वेग चालतो, तोलणाऱ्या हाताला १/२५० लागतो. छपराखाली उजेड कमी, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढून फोटोत दाणे येतात. तिथे मॅन्युअल मोडमध्ये १/१५ ठेवून कॅमेरा खांबाला टेकवावा: खांब स्पष्ट, गर्दी वाहती. चेहऱ्याचा फोटो विचारूनच घ्या. पावशेर मिरच्या घेतल्यावर विचारलं तर उत्तर जास्त गोड मिळतं.

पावसाळ्यात कागद दमट होतो, शाई तंतूंतून पसरते, रंगाचा हात वाळता वाळत नाही. त्या महिन्यांत पेन्सिल धरा. कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवीत मुळीच नको, लेन्सवर बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात रंग बदलणारी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), एवढ्यावर भागतं. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा आणि पुन्हा वापरा.