सेलाडॉनची भाजणी : हवा कधी रोखायची

सेलाडॉन म्हणजे भांड्यावरचं हिरवट, काचेसारखं ग्लेझ (लेप), पण बादलीत ते फिकट विटकरी दिसतं. ते बघून नवीन माणूस हमखास आणखी लोह घालतो आणि मग भांडी काळपट निघतात. लोह थोडंच लागतं. 400 ग्रॅम पोटॅश फेल्डस्पार, 300 ग्रॅम क्वार्ट्झ, 200 ग्रॅम व्हायटिंग (खडूची पूड), 100 ग्रॅम चायना क्ले आणि वर फक्त 15 ग्रॅम रेड आयर्न ऑक्साइड. पाण्यात कालवून 80 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. कोरडी पावडर हाताळताना मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

थर मात्र जाड हवा. चीनमध्ये दक्षिण सुंग काळात (बारावं-तेरावं शतक) लाँगच्वानचे कारागीर थरावर थर चढवत. त्या जाडीत अडकलेल्या बारीक बुडबुड्यांनी जेडसारखी खोली येते. बिस्क झालेलं (एकदा भाजलेलं, ग्लेझ न लावलेलं) भांडं ओल्या फडक्यानं पुसून बुडवा आणि सुईनं खरवडून जाडी बघा, दीड मिलिमीटरच्या आसपास पुरे. सुकताना पडलेली भेग बोटानं घासून बुजवा. ती तशीच राहिली तर भट्टीत ग्लेझ तिथून मागे सरतं आणि उघडी माती दिसते. बुडाला मेण लावायला विसरू नका.

आता भट्टी. 900 अंशांपर्यंत स्वच्छ, भरपूर हवेची ज्योत. मग डँपर (धुराड्याची झडप) थोडा थोडा आत सरकवायचा, झरोक्यातून बोटभर मऊ पिवळी ज्योत डोकावेपर्यंत. हवा कमी पडली की आग लोहातला ऑक्सिजन ओढून घेते आणि लोह हिरवं होतं. ग्लेझ वितळून बंद झाल्यावर वायू आत शिरत नाही, म्हणून रिडक्शन, म्हणजे हे हवा रोखून भाजणं, त्याआधीच लागायला हवं. उशीर झाला की हाती मधाळ पिवळा रंग येतो. काळा धूर काढण्यात काहीच फायदा नाही : तापमान अडकतं, ग्लेझमध्ये काजळी बसते. कार्बन मोनॉक्साइड होतोच, त्यामुळे भट्टी उघड्या शेडमध्येच हवी. कोन 10 (ठरावीक उष्णतेला वाकणारा मापाचा शंकू) वाकला, म्हणजे साधारण 1280 ते 1300 अंश, की बर्नर बंद, डँपर बंद.

पुण्यात डिसेंबरच्या रात्री ऐन 1200 ला गॅसचा दाब पडतो, कारण सिलिंडर बाहेरून गोठतो. दोन सिलिंडर जोडून घ्या आणि ते कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवा. उकळतं पाणी अजिबात नको.

एकाच बाजूची भांडी पिवळट निघाली तर ग्लेझला दोष देऊ नका. त्या बाजूच्या दाराच्या विटांमधून हवा शिरतेय. पुढच्या वेळी फटी ओल्या मातीनं लिंपा.